कमरेवरचे केस काढू नका, आधी मणका तपासा

"डॉक्टर, हिच्या कमरेवर केसांचा झुपका आहे. लेझर कितव्या वर्षी करता येईल?" या प्रश्नाचा मला राग येत नाही. राग येतो तो पालकांना त्याआधी मिळालेल्या सल्ल्यांचा. बाळाला आंघोळ घालणारी बाई सांगते, कणकेचा गोळा फिरवा, झडतील. शेजारी सांगतात, मारुतीचा अंश आहे, हात लावू नका. ब्यूटी क्लिनिकवाले सिटिंगचं पॅकेज सांगतात. आमच्यातलेही काही जण "मोठी झाली की जातील" म्हणून मोकळे होतात. या केसांखाली काय आहे, हे मात्र कुणीच विचारत नाही.

नवजात बाळाच्या खांद्यांवर, पाठीवर, कपाळावर मऊ लव असते. ती आपोआप गळते, तिची काळजी नको. मी बोलतोय ते बरोबर मणक्याच्या रेषेवर, कमरेपाशी, एकाच जागी उगवलेल्या लांब, दाट केसांबद्दल.

गर्भात त्वचा आणि मज्जारज्जू एकाच थरातून तयार होतात आणि पहिल्या महिन्यातच वेगळे होतात. तिथे गडबड झाली, तर वर केसांचा झुपका दिसतो आणि आत मज्जारज्जू खाली जखडलेला किंवा दुभागलेला असू शकतो. प्रत्येक झुपक्याखाली दोष असतोच असं नाही, पण तो नाही हे वरून बघून कुणालाच सांगता येत नाही.

मूल वाढतं तसा जखडलेला मज्जारज्जू ताणला जातो. एक पाऊल वाकडं किंवा लहान दिसू लागतं, चाल बदलते, बद्धकोष्ठ होतं. लघवीवर ताबा आलेलं मूल पुन्हा कपडे ओले करू लागतं आणि त्यासाठी घरात मार खातं. ज्या पाठीला लोक नमस्कार करत होते, तिच्याकडे तेव्हाही कुणी बघत नाही! एकदा निकामी झालेल्या नसा पूर्ववत होतीलच याची खात्री नसते.

आणि तपासणी किती सोपी! पहिल्या तीन-चार महिन्यांत मणक्याचा मागचा भाग पूर्ण हाडाचा झालेला नसतो, म्हणून साध्या सोनोग्राफीत मज्जारज्जू दिसतो. पुढे एमआरआय लागतो आणि लहान मुलाला त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते. कणकेचे गोळे फिरवण्यात जातात ते नेमके हेच महिने.

झुपक्याबरोबर तिथे खोल खळगा, मऊ गाठ किंवा लाल डागही असेल, तर शंका आणखी वाढते. दोष निघाला तरी शस्त्रक्रिया लगेच लागेलच असं नाही, ते न्यूरोसर्जन ठरवतील. लेझरचं नंतर बघता येईल, केस स्वतः काही इजा करत नाहीत. बालरोगतज्ज्ञांकडे जाण्याआधी ते कापू मात्र नका. कापले असतील, तर जुना फोटो सोबत न्या.