लस टोचता, तेव्हाच बाळाची मानही पाहा

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग
आणि मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई



हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहिते आहे, कारण ज्या बाळांविषयी लिहायचं आहे, त्यांची जबाबदारी आपल्या दोन विभागांत वाटली गेली आहे. आशाताई आरोग्य खात्याच्या, अंगणवाडीताई बालविकास खात्याच्या. लसीचा हिशेब एका रजिस्टरात, वजनाचा आणि आहाराचा दुसऱ्या. पण बाळाची मान सावरली का, आईकडे बघून ते हसतं का, आवाजाकडे वळतं का, याची नोंद नेमकी कोणी ठेवायची हे गावात कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत. माझ्यासमोर येणाऱ्या कार्डांवर मात्र लसींच्या तारखा भरलेल्या असतात आणि ते पान बहुधा कोरं असतं.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावी काम करते. माझ्याकडे मूल येतं ते बहुतेक वेळा दीड-दोन वर्षांचं झाल्यावर, 'अजून चालत नाही' म्हणून. आईशी निवांत बोललं की कळतं, तिला फार आधी जाणवलं होतं. लंगोट बांधताना बाळाच्या मांड्या उघडायच्या नाहीत. बगलेत धरून उभं केलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. पाचव्या महिन्यातही मुठी आवळलेल्या, अंगठा आत. आंघोळ घालायला येणारी बाईसुद्धा म्हणाली होती, "बाळ ताठ लागतंय गं." मग घरातलं कुणी म्हणालं, याचा बापही उशिराच चालला. दवाखान्यातही 'होईल हळूहळू' असं ऐकून ती परत आली. तिचं निरीक्षण अचूक होतं, पण ते लिहून घेणारं कुणी नव्हतं.

घाई का, तर पहिल्या वर्षात मेंदूची जडणघडण जितक्या वेगाने होते, तितक्या वेगाने पुढे कधीच होत नाही. सेरेब्रल पाल्सीची शक्यता जाणकार डोळ्यांना आता सहा महिन्यांच्या आतही ओळखता येते. थायरॉइडची जन्मजात कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत सापडून गोळी सुरू झाली, तर मतिमंदत्व टळू शकतं. दिवस भरण्याच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. ती वेळ हुकली, तर दृष्टी कायमची जाऊ शकते. ऐकण्याचंही तसंच: महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार हा जगभर मानलेला क्रम आहे. आणि हे घरच्यांच्या लक्षात येणं अवघड असतं. जन्मतः ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, चेहरा पाहून खुदकन हसतं. ताट वाजवलं की वळतं, कारण हात हललेला त्याला दिसतो. घरात सगळे निश्चिंत होतात आणि बोलणं शिकण्याचे मोलाचे महिने निघून जातात.

व्यवस्था नाही अशी माझी तक्रार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला सुरू झाला. त्याच परिसरात, बोर्डी-कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडीची कल्पना रुजवली होती. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध करून दाखवली, आणि आज देशभरातल्या आशा त्या वाटेने चालतात. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा गृहभेटी, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आणखी पाच. २०२४ मध्ये केंद्राने 'नवचेतना' हा तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा आराखडा दिला, आणि त्याच्या आदल्या वर्षी अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी कार्यपद्धतीही आली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २५ मध्ये प्रत्येक बालकाची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे.

अडचण अंमलबजावणीच्या सांध्यात आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणीचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. चार महिन्यांचं बाळ अंगणवाडीत बसत नाही. पथक आलं त्या दिवशी आई माहेरी असली, किंवा कुटुंब ऊसतोडीला गेलं असलं, तर पुढची गाठ सहा महिन्यांनी. एवढ्या लहान जिवाच्या बाबतीत सहा महिने म्हणजे निम्मं वर्ष नव्हे, अख्खी संधी.

म्हणून माझं मुख्य मागणं साधं आहे. बाळ जिथे हमखास येतं, तिथेच त्याचा विकास पाहा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने आणि नऊ महिने या लसीच्या तारखा आईला पाठ असतात. त्याच दिवशी, टोचण्याआधी, पाच मिनिटं द्या. दीड महिन्याला: चेहऱ्याकडे टक लावून बघतं का? साडेतीन महिन्यांना: मान सावरते का, मुठी उघडतात का, ओळखीच्या आवाजाला हसतं का? नऊ महिन्यांना: आधाराशिवाय बसतं का, नाव घेतलं की वळतं का, चिमटीत काही पकडू बघतं का? साडेतीन ते नऊ महिन्यांमधली मोठी फट सहाव्या महिन्याच्या गृहभेटीने भरता येईल, पण ती भेट कागदावर न राहता आशाताई आणि अंगणवाडीताईंनी मिळून करावी. शेवटचा प्रश्न नेहमी आईला असावा: "तुम्हाला कशाची काळजी वाटते का?" आणि ती जे सांगेल, ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं.

दुसरं मागणं नवजात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या बाळांसाठी. कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मतः न रडलेली, झटके आलेली ही बाळं सर्वांत जोखमीची, आणि सुट्टी देताना त्यांची यादी आपल्याकडे असतेच. ती यादी त्याच आठवड्यात आशाताईंच्या हाती पडावी. डोळे आणि कान तपासल्याची नोंद सुट्टीच्या कागदावर असावी. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन महिने वजा करून मोजायचं असतं, हे आईला आणि ताईंना दोघींनाही शिकवावं.

तिसरं मागणं अंतराचं. शंका आली की जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे जायचं म्हणजे दोन एसटी बदलायच्या, दिवसाची मजुरी बुडवायची, मोठ्या मुलाला शेजारी ठेवायचं. थेरपी आठवड्यामागून आठवडे चालते. इतक्या खेपा कोणत्या आईला झेपतील? ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस थेरपिस्ट बसावा, जिल्ह्याला जावं लागलं तर आईला प्रवासभाडं हातात मिळावं, आणि ऊसतोडीच्या गावीही त्याच कार्डावर उपचार पुढे चालू राहावेत.

घरी करायचं बरंचसं काम आईच्याच हातचं आहे, आणि त्याला महागडी खेळणी लागत नाहीत. ताठ बाळाला कुशीवर झोपवून दोन्ही हात छातीसमोर आणले, की ते पहिल्यांदा स्वतःचे हात बघतं, तोंडात घालतं. न दिसणाऱ्या बाळाला उचलण्याआधी नावाने हाक मारावी, वाटी हातात देण्याआधी ती वाजवावी, म्हणजे आवाजाकडे हात न्यायचा असतो हे त्याला उमगतं. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या हृदयाची आणि थायरॉइडची तपासणी वेळेवर व्हावी आणि त्याच्याशी भरपूर बोलावं, गावं. मांडी, बोलणं, हुंकाराला दिलेला हुंकार, खेळ हे प्रत्येक बाळाला लागतं. विशेष गरज असलेल्या बाळापर्यंत ते कसं पोहोचवायचं, एवढं कुणीतरी आईला हात धरून शिकवावं लागतं. अंगणवाडीताई ते शिकवू शकतात. त्यासाठी त्यांना चित्रफितीपुरतं नव्हे, खऱ्या बाळांसोबत प्रशिक्षण द्या, आणि वाढीव कामाचा मोबदलाही द्या.

या सगळ्यासाठी नवी योजना नको, नवं नाव नको. आपल्या दोन्ही विभागांचा एकच संयुक्त शासन निर्णय हवा. त्यात लसीकरण सत्रातली विकास तपासणी बंधनकारक असावी, शंका आलेल्या प्रत्येक बाळाची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर असावी, आणि जिल्ह्याच्या मासिक आढाव्यात लसींच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे मागितले जावेत: किती बाळांबद्दल शंका आली, आणि त्यांतल्या किती जणांचे उपचार वयाच्या पहिल्या वर्षातच सुरू झाले. वरून आकडा विचारला गेला की खालचं पान कोरं राहत नाही, हे आपण माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तो आकडा आपण विचारावा, एवढी कळकळीची विनंती.

आपली नम्र,
जिल्ह्यातल्या लहान मुलांची एक फिजिओथेरपिस्ट