पाना आपल्या हाती, किल्ली कंपनीच्या खिशात



ऐन वेचणीच्या दिवसांत बिलोलीजवळ कापसाने भरलेल्या माझ्या पिकअपचे स्टिअरिंग एकाएकी दगडासारखे जड झाले. समोर पिवळा दिवा लागला. नेहमीच्या मिस्त्रीने हात जोडले: "साहेब, हे बॅटरीवरचं स्टिअरिंग. स्कॅनर लागतो."

कशीबशी नरसी-नायगावमार्गे नांदेडला नेली. निदान झाले, सेन्सर बाद. चालकाने किती जोर लावला हे मोटारीला कळवणारा छोटासा भाग. तेवढाच द्या म्हटले, तर उत्तर आले, "सुटा मिळत नाही. अख्खा कॉलम बदला. एकतीस हजार."

आता हिशेब करा. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये. म्हणजे चार क्विंटल कापूस गेला. कोरडवाहू एकरात पिकतो तरी किती? एका सेन्सरपायी एका एकराचे पीक!

मी गाडी घरी आणली. मिस्त्रीला सोबत घेतले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, सॉकेट गंजले आहे का, सगळे पाहिले. भंगारात निघालेल्या तशाच गाडीचा चांगला सेन्सर मिळवून बसवला. पण दिवा विझेना! कारण नवा सेन्सर बसवला की चाके सरळ ठेवून, हात सोडून, "हे तुझे शून्य" असे त्याला स्कॅनरमधून शिकवावे लागते. तो प्रोग्राम कंपनीने कुलपात ठेवलेला. गाडी माझी, कर्ज माझे, हप्ते माझे. आणि किल्ली त्यांची!

कंपन्या म्हणतात, स्टिअरिंग म्हणजे जिवाशी खेळ, अडाणी हाताने करू नये. मान्य. म्हणूनच तर रीत छापून द्या! आज शेतकरी एकतीस हजार नाहीत म्हणून जड स्टिअरिंगने भरलेली गाडी हाकतो, त्यात कोणाचा जीव वाचतो?

हे रडगाणे आपले एकट्याचे नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना नाकारली म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनी अपिले केली. जुलै 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारेही घेतली. पुढे पोर्टल आले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये कायदाच केला. शेतीयंत्रांचे भाग, प्रोग्राम आणि माहितीपुस्तिका मालकाला देणे 1 जानेवारी 2024 पासून तिथे बंधनकारक झाले. तिथल्या शेतकऱ्याला जमते, मग आपल्याला का नाही?

आपण सबसिडी मागत नाही, फुकटही मागत नाही. दाम मोजून मागतो:

सेन्सर सुटा आणि छापील किमतीत मिळावा.
बिघाडाचे कोड आणि शून्य करण्याची रीत मराठीत छापून मिळावी.
स्कॅनरचा प्रोग्राम गावातल्या मिस्त्रीलाही विकत मिळावा.

बाजाराचे स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी दुरुस्तीचे स्वातंत्र्यही मागितलेच पाहिजे. जिल्हा बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. पिकअपचे असो की ट्रॅक्टरचे, असे बिल घरात पडले असेल तर सोबत घेऊन या. भाषणापेक्षा बिलांचा गठ्ठा जास्त बोलतो.