सुई लावली की पसरतो म्हणे!

मंडळी, आमच्या दौलताबादेत कॅन्सरवर डॉक्टरांपेक्षा पारावरचे लोक जास्त बोलतात. त्यांचा लाडका सिद्धांत म्हणजे, "गाठीला सुई लावू नका, पसरतो!" याची किंमत मात्र पेशंट मोजतो.

लायपोसार्कोमाचंच घ्या. चरबीच्या पेशींचा हा दुर्मिळ कॅन्सर. पोटात आतड्यांच्या मागे, मूत्रपिंडाजवळ वाढतो. तिथे जागा ऐसपैस, त्यामुळे बरेचदा दुखत नाही. गाठ काही किलोंची होईपर्यंत घरचे "पोट सुटलंय" म्हणत राहतात. ऑपरेशननंतरही काही वर्षांनी तो त्याच जागी परत येऊ शकतो. मग पारावर निकाल लागतो, "बघा, चाकू लावला म्हणून आला!"

अहो, तो चाकूमुळे नाही, मागे राहिलेल्या पेशींमुळे येतो. म्हणूनच पहिलं ऑपरेशन सगळ्यात मोलाचं. आधी सीटी स्कॅन, मग बहुतेकदा पाठीकडून जाड सुईने बायोप्सी. नीट केली तर त्यातून पसरण्याचा धोका अगदी नगण्य. मग गाठ न फोडता अख्खी काढायची, गरज पडली तर मूत्रपिंड किंवा आतड्याचा तुकडाही सोबत. "गाठच आहे ना, उद्याच काढू" ही घाईही तितकीच घातक. आणि बरं वाटलं म्हणून पुढची स्कॅन चुकवायची नाहीत.

शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे, परळचं टाटा १९४१ पासून. सल्ला तिथे घ्या. पारावर पावसापाण्याचं बोला की!