कुलूच्या खोडावरील रंग आणि कुंचल्यातील केस

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात ग्रीष्माची पानगळ सरली की एरवी गर्दीत लपलेले कुलूचे झाड एकाकी उभे दिसू लागते. पांढुरक्या, गुळगुळीत खोडामुळे त्यास ‘भुताचे झाड’ म्हणतात. वास्तविक ते खोड निव्वळ पांढरे नसतेच. कागदासारखे पातळ पापुद्रे जेथे सुटतात, तेथे गुलाबी, पिवळसर, हिरवट छटा उमटलेल्या असतात. केवळ जलरंगात हे खोड रंगवू गेल्यास पापुद्र्यांच्या नाजूक कडा हरवतात; केवळ रंगीत पेन्सिलीने रंगवावे, तर कागदाच्या खाचांत पांढरे ठिपके राहून जातात. म्हणून जाणते चित्रकार दोहोंची सांगड घालतात: खाली जलरंगाचा पाया, वर पेन्सिलीचे थर.

हा क्रम सहसा उलटत नाही. रंगीत पेन्सिलीत मेण किंवा तेल असते आणि त्यावर पाणी ठरत नाही. कागद ३०० ग्रॅम वजनाचा घ्यावा. हलका कागद पाण्याने वळतो. पायाचा हात फिकटच असावा. पिवळसर राखाडी, त्यात कोठे गुलाबी, एवढे पुरे. उजेडाची जागा कोरी सोडावी. पेन्सिलीने ती पुन्हा मिळवता येत नाही.

या प्रदेशाचे हवामान मात्र परीक्षा पाहते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा रंग पसरण्यापूर्वीच वाळतो आणि त्याच्या कडा कठोर उमटतात. अशा दिवसांत पहाटेची वेळ बरी, आणि कागद आधी स्वच्छ पाण्याने ओलावलेला बरा. चातुर्मासात नेमके उलटे घडते: वरून कोरडा भासणारा कागद आतून दमट राहतो. हाताची मागची बाजू कागदाला लावावी. गारवा जाणवला तर थांबावे. दमट कागदावर पेन्सिलीचे टोक चर पाडते, आणि तो चर कशानेही भरून निघत नाही.

पुढचे काम संयमाचे आहे. टोक अणकुचीदार, दाब अगदी हलका, आणि प्रत्येक थराची दिशा निराळी. सावलीसाठी काळा रंग उचलण्याचा मोह टाळावा. गुलाबी भागावर हिरवट राखाडी, त्यावर जांभळा, शेवटी तपकिरी असे थर दिले की सावली जिवंत राहते. जोराने घासून रंग एकजीव करणे हे अखेरचे काम. एकदा कागदाच्या खाचा मेणाने भरल्या की पुढचा थर धरत नाही. काही दिवसांनी गडद भागावर मेणाची पांढुरकी झाक आली, तर मऊ कापडाने अलगद पुसावी.

साहित्याच्या निवडीत मात्र चित्रकलेपलीकडचा प्रश्न आहे. ‘नैसर्गिक केसांचा’ म्हणून विकला जाणारा कुंचला खारीच्या किंवा सेबलच्या केसांचा असू शकतो. आपल्याकडे तो अनेकदा मुंगसाच्या केसांचाही निघतो. एका मुंगसाच्या अंगावर कामाचे केस मूठभरसुद्धा नसतात आणि ते मिळवण्यासाठी त्यास मारले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशा कुंचल्यांची विक्री गुन्हा आहे. तेव्हा स्टेशनरीचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांत हा विषय केवळ श्रद्धेचा राहत नाही. घाऊक माल उचलताना केस कशाचे, हे बिलावर लिहून घेणे शहाणपणाचे ठरते.

कुंचल्यापाशीच शोध थांबत नाही. जलरंगाच्या अनेक कागदांना जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या जिलेटिनचा लेप असतो, काही कंपन्यांच्या रंगांत मध मिसळलेला असतो, अस्सल कार्मिन हा लाल रंग तर किड्यांपासूनच निघतो. यांना पर्याय आहेत, पण दुकानदारास विचारल्यावाचून ते समोर येत नाहीत. आणि विचारणारा ग्राहक एकटा असला, तर दुकानदारही फारसे मनावर घेत नाही.

कृत्रिम तंतूंचे कुंचले आता उत्तम मिळतात. ते पाणी थोडे कमी धरतात, एवढाच फरक. कुलूचे खोड रंगवताना कागद ओलावण्यासाठी एक रुंद चपटा आणि रंगासाठी एक मध्यम गोल कुंचला घेतला, की तोही जाणवत नाही.