जिनिंगला अनुदान, कापसाला वाटाण्याच्या अक्षता



ग्रामीण उद्योगाच्या योजना समजावून सांगणारे मेळावे आता गावोगाव भरतात. मंडप सरकारी, चहा सरकारी आणि भाषणही सरकारी. भाषणाचा सारांश एकच असतो : शेती परवडत नसेल तर उद्योजक व्हा, अनुदान आम्ही देतो. शेती का परवडत नाही, हा प्रश्न मंडपात कोणी काढत नाही. तो काढण्यासाठी जिल्हा बैठकीपुढे हा लेख ठेवत आहोत.

अमळनेरकराला उद्योग म्हणजे काय हे शिकवायला बाहेरून कोणी येण्याची गरज नाही. श्रीमंत प्रतापशेठ यांची कापड गिरणी याच गावात चालली. 1945 साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी इथेच निघाली. आज जग तिला विप्रो या नावाने ओळखते. राज्य सरकारची उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना आली 1964 साली. म्हणजे हे कारखाने आले तेव्हा ही योजना जन्मालाही आली नव्हती. ते आले कारण खानदेशात कापूस होता, तेलबिया होत्या आणि सुरत-भुसावळ रेल्वे गावावरून जात होती. कच्चा माल आमचा, घाम आमचा. पण त्या मालातून झालेली वाढ शेतकऱ्याच्या खळ्यात थांबली नाही. गिरणी बंद पडली, कंपनी संगणकाच्या धंद्यात जाऊन जगभर पसरली आणि कोरडवाहू शेतकरी होता तिथेच राहिला. म्हणजे कारखाना आला की गाव आपोआप सुधारते, हेही खरे नाही. कच्च्या मालाचे दाम शेतकऱ्याच्या हातात पडले तरच गावात भांडवल तयार होते.

या भांडवलाचे पुढे काय झाले ते पाहू. कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा 1971 चा, खरेदी सुरू झाली 1972-73 च्या हंगामापासून. पुढची तीस वर्षे आपला कापूस राज्याबाहेर नेणे हा गुन्हा ठरला. गुजरातचा बाजार नवापूरच्या पलीकडे दिसत होता आणि तिथे जास्त भाव असला तरी बैलगाडी रात्री चोरासारखी न्यावी लागत होती. स्वतःच्या शेतातला माल विकणारा शेतकरी तस्कर ठरला. भांडवल उभारणीच्या नावाने आपल्याच दामातून कपात झाली. सहकारी सूतगिरण्यांच्या कोनशिला बसल्या, फीत कापायला मंत्री आले आणि त्यांतल्या कितीतरी गिरण्यांना पुढे कुलपे लागली. ज्याच्या पैशावर उद्योग उभा राहिला त्याच्या हातात हिशेबाची वही कधी आली नाही.

आता आजच्या योजनांचा हिशेब करू. 2008 साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील उद्योगाला सर्वसाधारण गटासाठी 25 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व इतर विशेष गटांसाठी 35 टक्के अनुदान आहे. बाकीचा बहुतेक पैसा बँकेच्या कर्जाचा. कर्ज द्यायचे की नाही हे बँक ठरवते आणि अनुदान तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून अडकून राहते. धरा, गावातल्या एका घराने 20 लाखांचा उद्योग काढला. त्याला अनुदान मिळाले 5 ते 7 लाख. त्याच गावात कापूस लावणारी शंभर घरे आहेत आणि प्रत्येक घर 20 क्विंटल कापूस खेडा खरेदीत हमीभावापेक्षा क्विंटलमागे 1000 रुपये कमी घेऊन देते. घरटी 20 हजार गेले, गावाचे 20 लाख गेले. तेही एका हंगामात. एका घराला 7 लाख देऊन शंभर घरांचे 20 लाख नेणे याला ग्रामीण विकास हे नाव कोणी दिले?

हे फक्त खेड्यातल्या व्यापाऱ्याचे काम आहे असे समजू नका. आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने दिल्लीच्या अर्थशास्त्रज्ञांबरोबर 2018 साली केलेल्या अभ्यासात 2000-01 ते 2016-17 या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे 14 टक्के निघाला. खते, वीज, पाणी यांवरची सगळी सूट धरूनही उणे. आपण ज्याला उलटी पट्टी म्हणत आलो, तिच्यावर जगाच्या मुनिमांनी सही केली आहे.

ताजा दाखला 2025 चा आहे. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7710 रुपये जाहीर झाला. पेरणी झाली, पैसा जमिनीत गेला. मग 19 ऑगस्टला केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. दसरा-दिवाळीला आपला कापूस बाजारात येतो, नेमके तेच महिने. त्याआधी 2010 साली आणि पुन्हा 2012 साली निर्यात थांबवली होती. गिरणीला कापूस स्वस्त मिळावा म्हणून सरकार एका रात्रीत निर्णय घेते. ओल्या कापसाची अडचण मात्र आपली : ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की कापूस महामंडळाच्या केंद्रावरून गाडी परत.

म्हणून योजना नकोतच, असे आम्ही म्हणत नाही. सरकारने आपल्याकडून नेलेल्यातले जे परत मिळते ते घेण्यात लाज नाही. पण घेताना हिशेब करा. शेतकरी उत्पादक कंपनी काढून जिनिंग टाकण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. 2020 साली सुरू झालेल्या दहा हजार उत्पादक संघटनांच्या योजनेत व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत 18 लाख मिळतात आणि सभासदांच्या भागाइतकी रक्कम, जास्तीत जास्त 15 लाख, सरकार घालते. म्हणजे सभासदांचे 15 आणि सरकारचे 15 मिळून भांडवल झाले 30 लाख.

आता यंत्राकडे पाहा. एक गाठ 170 किलो रुईची आणि तिला साधारण 5 क्विंटल कापूस लागतो. दिवसाला 100 गाठी काढणारे जिनिंग रोज 500 क्विंटल कापूस खाते. क्विंटलला 8000 रुपये धरले तर रोजचे 40 लाख झाले. आपले सगळे भांडवल एका दिवसाच्या कापसालाही पुरत नाही. अनुदान यंत्राला आहे, शेडला आहे, फलकाला आहे. कापूस विकत घ्यायला नाही. मग हंगामात यंत्र थांबते, हप्ते चालू राहतात आणि शेवटी तेच यंत्र एखादा व्यापारी भाड्याने घेतो. कंपनी शेतकऱ्याची, कापूस व्यापाऱ्याचा आणि कर्ज सभासदांचे!

यातून मार्ग आहे आणि तो मोठ्या भांडवलाचा नाही. कापूस विकत घेऊच नका, आपला कापूस आपल्या नावावर पिंजून घ्या. 20 क्विंटल कापसाच्या चार गाठी होतात. चार गाठी कोणी विचारत नाही, कारण गिरणीच्या व्यापारात 100 गाठींचा लॉट चालतो. पण अशी पंचवीस घरे एकत्र आली की 500 क्विंटल आणि 100 गाठी होतात. गावातल्या जिनिंगला पिंजणावळ द्या, धाग्याची तपासणी करून घ्या, गाठी गोदामात ठेवा आणि पावती आपल्या हातात घ्या. यासाठी शिस्त मात्र लागते. पंचवीस घरांचे वाण एक हवे, वेचणी सुती कापडात हवी, कवडी वेगळी हवी, आणि प्लास्टिकची दोरी व केस गाठीत जाता कामा नयेत.

सरकीकडेही लक्ष द्या. एका क्विंटल कापसात रुई साधारण 34 किलो, बाकी बहुतेक सरकीच. ती आपण कापसाबरोबर देऊन टाकतो आणि पुढे गाई-म्हशींसाठी ढेपेच्या पोत्यातून परत विकत आणतो. पिंजून घेतले तर सरकीही आपली राहते. ज्याच्या घरी दादरचा कडबा आहे आणि सरकीची ढेप आहे, त्याला दुधाच्या धंद्याचे प्रशिक्षण कशाला हवे?

या मार्गातली खरी अडचण वेळेची आहे. गाठ विकेपर्यंत लेकीचे लग्न, दुकानदाराचे देणे आणि सोसायटीचा हप्ता थांबत नाही. सरकारची मदत इथे हवी. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. ज्वारी ठेवून सहा महिन्यांसाठी 6 टक्क्यांनी कर्ज देण्याची त्यात सोय आहे. 2025-26 ला संकरित ज्वारीचा हमीभाव 3699 रुपये होता. खळ्यावर त्यापेक्षा खूप कमी भावाने ज्वारी देण्याऐवजी ही सोय वापरायला हवी. हीच सोय रुईच्या गाठीवर तालुक्याच्या ठिकाणी पूर्ण ताकदीने उभी राहिली तर यंत्राच्या अनुदानापेक्षा ती शंभर पटीने उपयोगी पडेल.

एक जिल्हा एक उत्पादन या धोरणात जळगावच्या वाट्याला केळी आली. रावेर-यावलच्या शेतकऱ्याचे भले होत असेल तर आम्हाला आनंदच आहे. पण अमळनेर-पारोळ्याची जमीन पावसावर आहे. पाडळसे धरणाची वाट पाहण्यात एक पिढी म्हातारी झाली. राज्याच्या 2023 च्या वस्त्रोद्योग धोरणात राज्यातल्या कापसावर राज्यातच होणारी प्रक्रिया 30 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर न्यायचे ठरले आहे. ठराव चांगला आहे. ती प्रक्रिया शेतकऱ्याच्या नावावर होणार की शेतकऱ्याचा कापूस स्वस्तात घेऊन, एवढेच विचारायचे आहे.

जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावेत अशी आमची सूचना आहे.

1. कापसाच्या आयात-निर्यातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये.

2. खरेदी केंद्रे दसऱ्याला उघडावीत आणि शेवटच्या वेचणीचा कापूस येईपर्यंत चालू ठेवावीत.

3. शेतकऱ्याच्या नावावरील रुईच्या गाठींवर तारण कर्ज तालुक्याच्या गोदामात मिळावे.

4. ग्रामीण उद्योगासाठी अनुदान मिळालेल्यांची यादी, रक्कम आणि तीन वर्षांनंतर तो उद्योग चालू आहे की बंद, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे.

5. गावाला दिवसा, पुऱ्या दाबाची तीन फेज वीज मिळावी. तिच्याशिवाय पिठाची गिरणीही चालत नाही, उद्योगाची गोष्ट दूरच.

ठराव सरकारकडे जातील, पण पंचवीस घरांचा लॉट सरकारला विचारून करायचा नाही. बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या पंचवीस घरांची नावे, वाण आणि अंदाजे क्विंटल लिहून आणावेत. या हंगामात तालुक्यातून असे चार-पाच लॉट जरी निघाले तरी गावात किती पैसा थांबतो ते आपल्याच वहीत दिसेल. मग मंडपात येऊन उद्योजक व्हा असे सांगणाऱ्याला ती वही उघडून दाखवता येईल.