पगाराआधी तीन प्रश्न

मुलाच्या हाती अवजड वाहनाचा परवाना पडला की घरात आनंदीआनंद होतो, आणि लगेच विचारणा होते ती पगाराची. वाचकहो, आमचे सांगणे असे, की ट्रकची पहिली नोकरी पत्करताना पगाराआधी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला विश्रांतीचा. 1961 सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाचे काम 8 तासांचे ठरविले व 5 तासांनंतर निदान अर्धा तास विसावा नेमला. पुणे ते बेंगळूरु ही 800 किलोमीटरांहून लांब वाट एकट्याने एका दमात कापावयास सांगणाऱ्या मालकाचा जादा भत्ता जिवावर बेततो. पोप लिओ तेरावे यांनीही 1891 सालच्या परिपत्रकात कामगाराचा न्याय्य वेतनावरील व रविवारच्या विश्रांतीवरील हक्क मांडला आहे.

दुसरा वजनाचा. सप्टेंबर 2019 पासून जादा भारास कायद्याने 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास 2,000 रुपये दंड आहे. दंड मालक भरील. पण घाटाच्या उतारावर तापलेल्या ब्रेकांशी गाठ चालकाचीच असते.

तिसरा सोबतीचा. नवख्यास आरंभीच्या फेऱ्यांत जाणत्या चालकाबरोबर धाडतात काय?

या प्रश्नांची खरी उत्तरे कचेरीत मिळतीलच असे नाही. तेथील नोकरी सोडून गेलेल्या दोघा-तिघा चालकांना वडिलांनी स्वतः भेटावे. सोयरीक जुळविताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. मुलाचा जीव ज्याच्या हाती सोपवावयाचा, त्या मालकाची तेवढी तरी चौकशी नको काय?