स्वस्त गोळी आणि खोटी गोळी

"सरकारी दवाखान्यातली गोळी म्हणजे नुसता खडू. गुण पाहिजे तर बाहेरून महागाची घ्या." खामगावात हे इतक्या ठामपणे सांगितले जाते की मजुरी बुडवून आलेला माणूसही फुकटची गोळी टाकून मेडिकलची पायरी चढतो. नागपूरच्या मेयो रुग्णालयाच्या भांडारात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या २१,६०० नकली गोळ्या सापडल्यावर तर या समजाला पुरावाच मिळाला. वेष्टनावरची गुजरातची कंपनी अस्तित्वातच नव्हती. आरोपपत्रानुसार गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होते, आणि त्या हरिद्वारला, जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत बनल्या होत्या. संताप रास्तच आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चूक.

महाग म्हणजे अस्सल, असे असते तर मार्च २०२४ मध्ये दिल्लीत पकडलेल्या टोळीचा धंदा चाललाच नसता. कॅन्सरच्या अतिमहाग इंजेक्शनांच्या रिकाम्या कुप्यांत तिने बुरशीवरचे साधे औषध भरले होते. आणि स्वस्त म्हणजे खोटे असेही नाही: जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ नावाने मिळणारे औषध स्वस्त असते, कारण त्यात ब्रँडच्या जाहिरातीचा खर्च नसतो.

"खडू तर खडू, अपाय तर नाही ना?" हे तर त्याहून घातक. टायफॉइडच्या रोग्याचे पाच दिवस खडू गिळण्यात गेले की ताप चढत राहतो, आतड्यांना छिद्र पडण्याचा धोका वाढतो. डॉक्टरला वाटते जंतू दाद देत नाहीत. तो आणखी जबर औषध लिहितो. गोळीत नावापुरते औषध असेल तर जंतू खरोखरच निर्ढावतात.

कायदा अपुरा नाही. नकली औषधाने मृत्यू ओढवला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. अडते ते तपासणीत. नागपूरच्या प्रकरणातला मूळ नमुना कळमेश्वरहून मार्च २०२३ मध्ये घेतला, अहवाल आला डिसेंबरात. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रोगी गेले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या लेंटिन आयोगाने औषध प्रशासनापासून रुग्णालयाच्या खरेदीपर्यंतचा गलथानपणा तेव्हाच उघडा केला होता. म्हणून मागणी एकच हवी: अहवाल हाती आल्याशिवाय खोके भांडारातून वॉर्डात जाता कामा नये.

आणि बाहेरून घेणाऱ्यांनीही पाहावे. दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर त्याच्याकडेच राहते. मग तक्रार कशाच्या आधारावर करणार? बॅच नंबर लिहिलेले पक्के बिल मागा. गोळीचा संशय आला तर वेष्टनासह अन्न व औषध प्रशासनाकडे द्या.